९० हेक्सवर कोण राहतं?

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणाऱ्या कुठल्याही मुलाची मायक्रोकंट्रोलरची वही उघडा, त्यात एक उभा चौकोन सापडणारच. पट्टीने काढलेला, मधोमध आडवी रेघ. रेघेच्या खाली ०० पासून ७एफ हेक्सपर्यंत (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरचे आकडे) इंटर्नल रॅम, रेघेच्या वर ८० पासून एफएफ हेक्सपर्यंत स्पेशल फंक्शन रजिस्टर, म्हणजे एसएफआर. खालच्या १२८ बाइटचेही वाटे ठरलेले: पहिल्या ३२ बाइटमध्ये चार रजिस्टर बँका, पुढचे १६ बाइट बिट-अ‍ॅड्रेसेबल, उरलेले ८० मोकळे. इंटेलच्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरचा हा नकाशा गेली कित्येक वर्षं परीक्षेला येतोय आणि मुलं तो डोळे मिटून काढतात.

भोसरीत आमचं कंट्रोल कार्ड बनवण्याचं छोटं युनिट आहे. शनिवारी संध्याकाळी मी टिळक रोडजवळच्या एका क्लासमध्ये मायक्रोकंट्रोलर शिकवते. मुलं तयारीची असतात. एसएफआर किती, विचारलं की ‘एकवीस’. पोर्ट वनचा, म्हणजे आठ पिनांच्या एका गटाचा, अ‍ॅड्रेस, ‘नाइन्टी हेक्स’. टायमरची पद्धत ठरवणाऱ्या टीमॉडचा, ‘एटी नाइन’. पण मग मी विचारते, ही रजिस्टरं मेमरीत आहेत का? इथे वर्गाचे दोन तट पडतात. नकाशा बघून बोलणारे हो म्हणतात, कारण चौकोन एकच आहे आणि नंबर सलग आहेत. दुसरे म्हणतात, मग त्यांना ‘स्पेशल’ कशाला म्हणायचं? वाद चांगला रंगतो आणि मी तो लगेच मिटवत नाही. कारण पुढचं सगळं या एका प्रश्नावर उभं आहे. टायमर असो, सिरियल पोर्ट असो, इंटरप्ट असो, या प्रश्नाचं उत्तर ज्याला आतून कळलं त्याला पाठांतर फारसं लागत नाही, आणि ज्याला कळलं नाही त्याला ते कितीही केलं तरी पुरत नाही. हे माझं ठाम मत आहे.

एसएफआर मेमरीच्या रांगेत आले कसे, हे समजायला ८०५१च्या आधीची चिप बघावी लागते. इंटेलचा ८०४८ हा १९७६चा. त्यात पोर्टवर डेटा पाठवायची इन्स्ट्रक्शन वेगळी, पोर्ट वाचायची वेगळी, टायमरमध्ये आकडा भरायची आणखी वेगळी. चिपवर काहीही नवीन बसवायचं म्हणजे त्याच्यासाठी नवी इन्स्ट्रक्शन शोधा. एका बाइटमध्ये मावतात २५६ ऑपकोड, म्हणजे इन्स्ट्रक्शनचे नंबर. त्यातले असे किती वाटणार? १९८० साली ८०५१ आला तेव्हा ही अडचण मुळापासून सोडवलेली होती. पोर्ट, टायमर, सिरियल, इंटरप्ट, सगळ्यांना रॅमच्या बाइटसारखा एकेक अ‍ॅड्रेस देऊन टाकला. रॅममधल्या बाइटला जी इन्स्ट्रक्शन चालते तीच आता पोर्टला चालते. एकाने वाढवा, दुसऱ्या आकड्याशी अँड करा, एखादा बिट उलटा करा; चिपला नवं काही शिकवायला नको.

याचं मोठेपण मला नोकरीला लागल्यावर समजलं. मूळ ८०५१मध्ये वरच्या १२८ जागांपैकी २१च भरलेल्या होत्या. उरलेल्या १०७ रिकाम्या. त्याच्या पुढच्या ८०५२ या चिपमध्ये तिसरा टायमर आला, त्याचं कंट्रोल रजिस्टर जाऊन बसलं सी८ हेक्सवर. पुढे सीमेन्स, फिलिप्स, अ‍ॅटमेल अशा कंपन्यांनी आपापल्या चिपमध्ये काय काय घातलं, आणि प्रत्येकाने रिकामी जागा बघून आपली रजिस्टरं तिथे बसवली. इन्स्ट्रक्शन सेटला हात लावावा लागला नाही. तपकीर गल्लीत आज कुठल्याही दुकानात ‘एटी एटीनाइन एस फिफ्टी टू’ मागा, काउंटरवरचा माणूस मागे न बघता ड्रॉवर ओढतो. त्या चिपमध्ये वॉचडॉग आहे, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर; त्याचं रजिस्टर ए६ हेक्सवर. तिथे आधी १ई आणि मग ई१ लिहिलं की वॉचडॉग चालू होतो, आणि वेळेत हीच जोडी पुन्हा लिहिली नाही तर चिप रीसेट होते. १९८०च्या चिपला वॉचडॉग माहीत नव्हता, तरी तिची ‘मूव्ह’ इन्स्ट्रक्शन त्याला चालवते.

इथवर नकाशा खरा आहे. अ‍ॅड्रेसच्या बाबतीत एसएफआर मेमरीचेच शेजारी. पण आत, सिलिकॉनवर, चित्र वेगळं आहे. रॅम म्हणजे एकसारख्या सेलची दाट जाळी. एक सेल दुसऱ्यासारखा, कुणालाच स्वतःचं काम नाही, सांगितलेलं धरून ठेवायचं एवढंच. एसएफआर या जाळीत नसतातच. टायमरचं रजिस्टर टायमरच्या काउंटरचाच भाग असतं, पोर्टचा लॅच, म्हणजे लिहिलेला बिट धरून ठेवणारं सर्किट, त्याच्या पिनच्या ड्रायव्हरशी जोडलेला असतो. त्यातल्या प्रत्येक बिटापासून एक तार कुठेतरी निघालेली असते आणि त्या तारेच्या टोकाला काहीतरी घडतं. टीकॉन या टायमरच्या कंट्रोल रजिस्टरचा बिट फोर एक केला की टायमर झीरो पळायला लागतो. हा बिट मेमरीत ‘टायमर चालू’ अशी नोंद ठेवत नाही, तोच टायमर चालू करतो.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर रीसेटचं बटण दाबावं. रीसेट झाला की जवळजवळ सगळे एसएफआर ठरलेल्या किमतींवर येतात. चारही पोर्ट एफएफ, स्टॅक पॉइंटर ०७, अ‍ॅक्युम्युलेटर शून्य. रॅमला मात्र रीसेट शिवतही नाही. वीज जात नाही तोवर बटणाआधी जे होतं तेच नंतर. आणि वीज जाऊन आली तर रॅममध्ये काय असेल याची काही खात्री नाही. आमच्या धंद्यात या एका गोष्टीवर बऱ्याच गोष्टी चालतात. रॅमच्या दोनचार बाइटमध्ये एक ठरावीक खूण लिहून ठेवायची आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच ती तपासायची. खूण सापडली तर समजायचं की मशीन चालू असतानाच रीसेट झालाय, मोजलेली जॉबची संख्या जपून ठेवा. नाही सापडली तर वीज नव्याने आली आहे, सगळं पहिल्यापासून. आणि पोर्ट एफएफ होतात म्हणून आमच्या कार्डवर पिन लो झाल्यावरच रिले ओढेल अशी जोडणी असते. उलटी ठेवली तर सकाळी मेन स्विच टाकल्या टाकल्या, प्रोग्रॅमची पहिली ओळ चालायच्या आत, प्रेसचा सोलेनॉइड ओढला जाईल. तिथे कुणाचा हात असू शकतो. म्हणून एसएफआरच्या रीसेट व्हॅल्यू मी मुलांना अ‍ॅड्रेसच्या आधी शिकवते.

मागच्या बॅचमधल्या एका मुलीने ब्रेडबोर्डवर जुळणी केली होती. पोर्ट वनचा बिट झीरो, म्हणजे चिपची एक नंबरची पिन, तारेने थेट बीसी ५४७च्या बेसला. एमिटर ग्राउंडला, कलेक्टरवर लाल एलईडी. प्रोग्रॅम साधा: बिट उलटा करायचा, थोडं थांबायचं, पुन्हा उलटा करायचा. लाल एलईडी छान लुकलुकत होता. मग तिला वाटलं, आपण लिहिलेलं वाचूनही बघू. उलटा केलेला बिट कॅरीत, म्हणजे प्रोसेसरच्या एका बिटाच्या फ्लॅगमध्ये, वाचून तो बिट वनवर पाठवला आणि तिथे हिरवा एलईडी पाच व्होल्टकडून रेझिस्टर घालून जोडला. तिच्या हिशोबाने हिरवाही लुकलुकायला हवा होता. तो एकसारखा पेटलेला. म्हणजे तिथे सतत शून्यच जात होतं.

“मॅडम, मी वन लिहितेय आणि वाचताना झीरो येतोय. चिप गेली का?”

“अगं, मीटर लाव पिनवर.”

लाल एलईडी पेटला असताना मीटरने ०.६८ व्होल्ट दाखवले. ती थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बेस-एमिटरचा ड्रॉप!” बरोबर. लॅचमध्ये वन होता, पण ट्रान्झिस्टरचा बेस पिनला पॉइंट सातच्या वर जाऊच देत नव्हता, आणि एवढ्या व्होल्टेजला चिप शून्य समजते. तिने लिहिलं होतं लॅचमध्ये, वाचत होती पिन. अ‍ॅड्रेस एक, जागा दोन.

मग तिनेच पुढचा प्रश्न काढला, आणि मला तो फार आवडला. “मग लाल एलईडी लुकलुकतोय कसा? बिट उलटा करायला आधी तो वाचावा लागणारच ना? पिन वाचली तर झीरो मिळेल, उलटा करून वन. पुन्हा वाचली, पुन्हा झीरो, पुन्हा वन. तो विझायलाच नको!”

हाच विचार चिप बनवणाऱ्यांनी केला होता. म्हणून वाचून, बदलून, परत लिहिणाऱ्या ज्या इन्स्ट्रक्शन आहेत, बिट उलटा करणं, अँड, ऑर, एकाने वाढवणं, त्या पोर्टच्या बाबतीत पिन वाचत नाहीत, लॅच वाचतात. नुसतं ‘मूव्ह’ने वाचलं तर पिन. म्हणजे पोर्टवर वाचताना काय हाती येईल हे इन्स्ट्रक्शनवर ठरतं. रॅमच्या कुठल्याही बाइटला असला विचार करावा लागत नाही. दहा वेळा वाचा, कशानेही वाचा, ठेवलेलं तेच मिळतं.

सिरियल पोर्टच्या एसबफचं तर आणखी पुढचं. अ‍ॅड्रेस ९९ हेक्स. तिथे लिहिलेला बाइट पाठवणाऱ्या रजिस्टरमध्ये जातो आणि लगेच एकेक बिट तारेवर निघायला लागतो. तिथूनच वाचलं तर येतो तो दुसऱ्याच रजिस्टरमधला, बाहेरून आलेला बाइट. आपण लिहिलेलं तिथून कधीच परत वाचता येत नाही. पीएसडब्ल्यू या स्टेटस रजिस्टरमधला पॅरिटी बिट तर अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये एक किती आहेत त्यावर आपोआप बदलतो. त्यावर आपण काहीही लिहिलं तरी त्याला फरक पडत नाही. आणि टीआय हा बिट हार्डवेअर उठवतं, पण खाली बसवायचा आपण. बाइट पाठवून झाला की तो वन होतो आणि आपण शून्य करेपर्यंत वनच राहतो. या एका बिटापायी किती मुलांचे किती तास जातात हे लॅबमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मला वाटतं, टीआयचं नाव पाठ करून घेण्याऐवजी ‘हा बिट दोघांच्या मालकीचा आहे’ एवढं सांगितलं तरी ते तास वाचतील.

आता नंबरांकडे येऊ. ८०५२मध्ये रॅम १२८ ऐवजी २५६ बाइट झाली. एका बाइटच्या अ‍ॅड्रेसने २५६ जागाच दाखवता येतात, आणि त्यातल्या वरच्या अर्ध्यात एसएफआर आधीच राहत होते. मग नवी रॅम ठेवायची कुठे? त्याच नंबरांवर ठेवली. ८० ते एफएफ हे नंबर दोघांचे, आणि कुणाकडे जायचं ते ठरतं बोलावण्याच्या पद्धतीवर. इन्स्ट्रक्शनमध्येच थेट अ‍ॅड्रेस लिहिला असेल तर एसएफआर. आर-झीरो किंवा आर-वनमध्ये अ‍ॅड्रेस ठेवून त्याच्यामार्फत गेलात तर रॅम. पुण्यात जुन्या वस्तीतला पत्ता सांगताना जसं नुसता घरनंबर सांगून भागत नाही, पेठही सांगावी लागते, कारण तोच नंबर सदाशिवातही आहे आणि नारायणातही, तसं हे.

मशीन कोड बघितला की हे अगदी उघडं दिसतं. ई५ ९० हे दोन बाइट म्हणजे पोर्ट वनची पिन वाचून अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये आणा. आधी ७८ ९० ने आर-झीरोमध्ये ९० भरलं आणि मग नुसता ई६ दिला, तर येतो रॅममधला ९०वा बाइट. आणि डी२ ९०? इथे ९० हा बाइटचा अ‍ॅड्रेसच नाही, बिटचा आहे. पोर्ट वनचा बिट झीरो सेट करा. बाहेर वेगळी रॅम जोडली असेल तर तिथेही ९० आहे, ‘मूव्हएक्स’ने गाठायचा. प्रोग्रॅम मेमरीतही ९० आहे, तो ‘मूव्हसी’ने. एका नंबरवर पाचजण राहतात आणि कुणी कुणाच्या वाटेत येत नाही.

स्टॅकची गंमत इथेच लागते. रीसेटनंतर स्टॅक पॉइंटर ०७ असतो आणि ‘पुश’ आधी वाढवतो मग लिहितो, म्हणून पहिला बाइट ०८ वर पडतो. ती रजिस्टर बँक वनची पहिलीच जागा. बँका वापरायच्या असतील तर स्टॅक हलवावा लागतो. ८०५२मध्ये पुष्कळजण तो ७एफवर नेऊन ठेवतात. मुलं घाबरतात: पुढचा पुश ८० वर जाईल, तिथे तर पोर्ट झीरो आहे, सगळ्या पिना हलतील! नाही हलत. स्टॅकची ये-जा स्टॅक पॉइंटरमार्फत होते, म्हणजे आडवाटेने, म्हणून ती रॅमच्याच पेठेत जाते. वरची १२८ बाइट स्टॅकला मोकळी मिळतात. फक्त १२८ बाइटच्या जुन्या ८०५१वर हेच केलं तर तिथे रॅमच नाही. पुश केलेलं हरवतं आणि सबरूटीनमधून परत यायचा पत्ताही त्याबरोबर जातो.

बाकीच्या चिपनी हाच प्रश्न आपापल्या परीने सोडवला. पीआयसी १६एफ८४मध्ये एसएफआर आणि साधी रॅम एकाच फाइलमध्ये, पण बँकांमध्ये वाटलेली. पोर्ट बी एका बँकेत ०६ वर, त्याची दिशा ठरवणारं ट्रिस-बी दुसऱ्या बँकेत ८६ वर, आणि मध्ये स्टेटस रजिस्टरचा एक बिट बदलत बसायचं. आर्डुइनोतल्या एटीमेगा ३२८मध्ये पोर्ट बीला दोन नंबर आहेत, आय-ओच्या इन्स्ट्रक्शनसाठी ०५ आणि मेमरीच्या इन्स्ट्रक्शनसाठी २५ हेक्स. एआरएम कॉर्टेक्स-एमला तर बत्तीस बिटांचं मैदान मिळालं, त्यामुळे दाटीवाटीच नाही: रॅम २०००००००पासून, पेरिफेरल ४०००००००पासून, हेक्समध्ये. नंबर जुळायचा प्रश्न मिटला, पण मूळ फरक तिथेही आहेच. सीमध्ये पेरिफेरलच्या पॉइंटरला ‘व्होलाटाइल’ लिहायचं राहिलं, तर कंपायलर तो पत्ता साध्या मेमरीचा समजतो, एकदाच वाचतो, आणि फ्लॅगची वाट बघणारी लूप कायमची अडकते. हिंजवडीत बसून एआरएमवर काम करणारी माझी जुनी मुलं हे सांगतात तेव्हा मला बरं वाटतं की त्यांनी सुरुवात ८०५१वर केली. तिथली जागा इतकी अपुरी आहे की प्रत्येक बाइट कुणाचा आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. अभ्यासक्रमातून ८०५१ काढून टाका म्हणणारे बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही.

व्हायव्हाला मी हल्ली एकवीस नावं विचारत नाही. फळ्यावर ती सगळी लिहून देते आणि सांगते, यांतली अशी वेगळी काढा ज्यांत लिहिलेलं वाचल्यावर तेच परत मिळेल. सुरुवात सोपी जाते. बी रजिस्टर, डीपीटीआर, टीमॉड परत देतात. एसबफ देत नाही. पोर्टचं ‘पिनला काय जोडलंय त्यावर’. पीएसडब्ल्यूला थोडी चर्चा होते, मग कुणीतरी पॅरिटी बिट दाखवतं आणि ते बाहेर पडतं. अ‍ॅक्युम्युलेटरही ई० हेक्सवरचा एसएफआर आहे, हे अनेकांना तेव्हाच लक्षात येतं.

यावेळी गाडी अडकली टीएच-वनवर, म्हणजे टायमर वनच्या वरच्या बाइटवर; खालचा टीएल-वन. निम्मे म्हणत होते, टायमरचा आकडा पळता असतो, लिहिलेलं वाचेपर्यंत बदलणार. सिरियल पोर्ट ९६०० बॉडच्या वेगाने चालवणारे म्हणाले, आम्ही ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर टीएच-वनमध्ये एफडी भरतो, ऑटो-रीलोडमध्ये (टायमर भरला की आकडा आपोआप पुन्हा भरला जातो) तो एफडीच राहतो, पळतो तो टीएल-वन. तेही बरोबर. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, “मॅडम, टायमर वन चालूच केला नाही, तर टीएच-वन आणि टीएल-वन दोन्ही रॅमसारखेच वागतील ना? माझ्या प्रोजेक्टला दोन बाइट कमी पडतायत.”

“सिरियल वापरतोयस?”

“नाही.”

“मग घे वापरायला. कॉमेंटमध्ये मात्र लिहून ठेव.”